नकाशा गाडीतला घ्यावा की फोनमधला?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या भगिनी आणि त्यांचे पती नवी गाडी घेत आहेत. पसंत पडलेल्या गाडीची दोन मॉडेल त्यांच्यासमोर आहेत. वरच्या मॉडेलमध्ये कंपनीने बसवलेले नेव्हिगेशन आहे आणि त्या मॉडेलसाठी बरेच जास्त पैसे मोजावे लागणार आहेत. खालच्या मॉडेलमध्ये ते नाही, मात्र फोन जोडून त्यावरचे अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर पाहण्याची सोय दोन्हींत आहे. हातात फोन असताना हा खर्च वायफळ आहे, असे पतींचे मत आहे. पत्रलेखिकेचे काम फिरतीचे असून त्यांना पुष्कळदा एकटीने, अंधार पडल्यावर, डोंगराळ भागातून गाडी चालवावी लागते. अशाच एका रात्री मोबाइलची रेंज गेली, त्यांचे एक वळण चुकले आणि फोन नवा रस्ता दाखवण्याऐवजी नुसताच शोधत राहिला. तेव्हापासून फोनवरचा त्यांचा भरवसा उडाला आहे. गाडीतले नेव्हिगेशन थेट उपग्रहावर चालते, त्याला रेंज लागत नाही, असे त्यांना शोरूममध्ये सांगण्यात आले. शिवाय सासरेही ही गाडी अधूनमधून चालवणार आहेत आणि त्यांना फोनच्या खटपटी जमणार नाहीत, असे त्यांना वाटते. त्या विचारतात, "थोडे जास्त पैसे गेले तरी गाडीतलेच नेव्हिगेशन घ्यावे ना?"

तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती अशी की त्या रात्री वाटलेली भीती साधार होती आणि तिची दखल घेऊनच हा निर्णय व्हायला हवा. "फोन आहे ना" एवढ्या उत्तराने तिचे समाधान होणार नाही. मात्र त्या रात्री नेमके काय बंद पडले, याविषयी तुमची समजूत आणि शोरूममध्ये मिळालेली माहिती या दोन्ही गोष्टी थोड्या तपासून पाहू, कारण पैसे कशासाठी मोजायचे हे त्यावरच ठरणार आहे.

फोनला आपण कुठे आहोत हे कळण्यासाठी रेंज लागत नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून आपली जागा काढता येते. हे संकेत पकडणारा ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, तुमच्या फोनमध्ये आहे, तसाच तो गाडीतही असतो. दोघेही फक्त ऐकतात, उपग्रहाला काहीच पाठवत नाहीत. म्हणजे "थेट उपग्रहावर चालते" हे शोरूममधले वाक्य जितके गाडीला लागू आहे, तितकेच तुमच्या फोनलाही लागू आहे. त्या रात्री तुमच्या फोनला आपली जागा बहुधा ठाऊकच होती. त्याच्याकडे नव्हता तो त्या भागाचा नकाशा. नेहमीच्या पद्धतीने अ‍ॅप वापरले, तर नकाशा आणि रस्ता दोन्ही इंटरनेटवरून येतात. निघताना आखलेला मार्ग फोनमध्ये उतरलेला असतो, म्हणून रेंज गेली तरी आपण त्या मार्गावर असेपर्यंत सूचना मिळत राहतात. वळण चुकले की नवा मार्ग काढावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी माहिती फोनमध्ये नसेल तर तो अडतो. गाडीतल्या नेव्हिगेशनचा संपूर्ण नकाशा बहुतेक वेळा गाडीच्याच स्मृतीत साठवलेला असतो, म्हणून ते अडत नाही. फोनमध्येही तो नकाशा आधी उतरवून ठेवला, तर तोही अडत नाही. तुमच्या निर्णयाचे सगळ्यात मोठे कारण होऊन बसलेली अडचण अशी घरबसल्या, एक पैसाही खर्च न करता दूर होण्यासारखी आहे.

मग गाडीतल्या नेव्हिगेशनचे खरे बळ कशात आहे? ते गाडीच्या चाकांत आहे, आणि याविषयी शोरूममध्ये क्वचितच कोणी बोलते. होंडाने १९८१ साली जपानमध्ये गाडीसाठी मार्गदर्शक यंत्र आणले, तेव्हा त्यात उपग्रहांचा संबंधच नव्हता. चाकांच्या फिरण्यावरून अंतर मोजायचे, जायरोस्कोपवरून दिशा ओळखायची आणि पारदर्शक फिल्मवर छापलेल्या नकाशावर जागा दाखवायची, अशी ती रचना होती. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या एटॅक नावाच्या यंत्रात नकाशे चक्क कॅसेटवर साठवलेले असत. जीपीएसवर चालणारे नेव्हिगेशन कारखान्यातूनच बसवून मिळणारी गाडी १९९० साली आली. ती माझ्दाची युनोस कॉस्मो. चाके मोजण्याची ती जुनी युक्ती मात्र टिकून राहिली आहे. गाडी बोगद्यात शिरली आणि उपग्रहांचे संकेत तुटले, की चांगल्या प्रतीचे अंगभूत नेव्हिगेशन चाकांच्या गतीवरून आणि गाडीच्या वळण्यावरून आपली जागा काढत राहते. फोनमध्येही हालचाल ओळखणारे संवेदक असतात, पण चाके किती फिरली हे एकट्या फोनला कळत नाही, त्यामुळे लांब बोगद्यात त्याचा अंदाज लवकर ढळतो. बोगद्यातून बाहेर पडताच लगेच फाटा असेल, किंवा एकाखाली एक रस्ते असतील, तिथे हा फरक जाणवतो. उड्डाणपूल आणि त्याच्या खालचा रस्ता यांत फोन गोंधळतो, आपण पुलावर असताना "उजवीकडे वळा" म्हणतो, हे तुम्ही पाहिले असेल. उपग्रहावरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा कमी अचूक असते, हे त्याचे एक कारण आहे. गाडीतली यंत्रणाही अशा ठिकाणी चुकू शकते, पण तिच्याकडे पुरावे थोडे अधिक असतात. तुमच्या नेहमीच्या वाटांवर लांब बोगदे आणि एकावर एक रस्ते खरोखरच पुष्कळ असतील, तर वरच्या मॉडेलच्या बाजूने हा सर्वांत सबळ मुद्दा आहे. मात्र तुम्ही वर्णन केलेला भाग उघड्या डोंगररस्त्यांचा दिसतो. तिथे आकाश मोकळे असते आणि फोनचा ग्राहकही पुरेसा चालतो. शिवाय काही गाड्यांत फोन जोडल्यावर गाडी आपल्याकडची जागेची माहिती फोनलाही पुरवते. तुमच्या मॉडेलमध्ये तसे आहे का, हे विचारून घ्या.

तुमच्या प्रश्नात दुसरे एक गृहीतक आहे. जणू दोन पर्याय आहेत आणि त्यांतला एकच निवडायचा आहे. प्रत्यक्षात आपण ज्याला नेव्हिगेशन म्हणतो ते चार वेगळ्या कामांचे गाठोडे आहे. आपली जागा ओळखणे, अद्ययावत नकाशा बाळगणे, पुढच्या वाहतुकीची खबर ठेवणे आणि हे सगळे चालकाला रस्त्यावरची नजर न हटवता कळवणे, ही ती चार कामे होत. ही कामे एकाच यंत्राने करावीत असे मुळीच नाही. अ‍ॅपलचे कारप्ले २०१४ पासून आणि गूगलचे अँड्रॉइड ऑटो २०१५ पासून नेमके हेच करत आले आहेत: नकाशा फोनचा आणि पडदा, ध्वनी, स्टिअरिंगवरची बटणे गाडीची. ही सोय तुमच्या दोन्ही मॉडेलमध्ये असल्याने प्रश्न खरे तर एवढाच उरतो की गाडीच्या पोटात आणखी एक नकाशा हवा का.

तो हवा असे ठरवण्यापूर्वी त्याची देखभाल कोण करणार हे विचारा. फोनचा नकाशा इंटरनेटवरून आपोआप बदलत राहतो. नवा पूल झाला, रस्ता एकेरी झाला, की ते सहसा लवकर दिसू लागते. गाडीतल्या नकाशाची पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. काही गाड्या स्वतःच्या मोबाइल जोडणीवरून तो ताजा करतात, काहींत पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड लावावे लागते, काहींत त्यासाठी सर्व्हिस सेंटरला जावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी पहिली काही वर्षे हे मोफत असते व नंतर वर्गणी सुरू होते. मोफत मुदत संपल्यावर लोक वर्गणी भरत नाहीत आणि नकाशा तिथेच गोठतो, असा कल मला अनेक घरांत दिसतो. गाडी आपण पुष्कळ वर्षे वापरतो. तिच्यात बसवलेली इलेक्ट्रॉनिक्स मात्र विकत घेतली त्या दिवसाचीच राहतात. अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी सेवा बंद झाल्या, तेव्हा यंत्रे बाकी ठणठणीत असूनही अनेक जुन्या गाड्यांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या सोयी थांबल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत होंडा आणि अ‍ॅक्युराच्या अनेक जुन्या गाड्यांतली नेव्हिगेशनशी जोडलेली घड्याळे २००२ साल दाखवू लागली. फोन आपण काही वर्षांनी बदलतो आणि त्याबरोबर जुनेपणही मागे पडते. गाडीचा पडदा तसा बदलता येत नाही.

वाहतुकीच्या माहितीबद्दल एवढेच सांगते की तिला दोन्हीकडे इंटरनेट लागते. ती माहिती मुख्यतः रस्त्यावरून सरकणाऱ्या फोनांवरूनच गोळा होते, त्यामुळे ज्या निर्जन डोंगररस्त्यांची तुम्हाला चिंता आहे, तिथे ती मुळातच तुटपुंजी असते. तिथे ती नसल्याने तुमचे फारसे बिघडणार नाही.

आता तुमच्या कामाकडे वळते, कारण माझ्या मते निर्णयाचा कल तिथे ठरतो. फिरतीच्या कामात गंतव्य ठिकाणाला बहुधा नीट पत्ता नसतो. समोरची व्यक्ती मेसेजमधून लोकेशन पाठवते, तुम्ही त्यावर बोट ठेवता आणि अ‍ॅप सुरू होते. गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये हीच गोष्ट कशी करायची ते पाहा. काही नव्या गाड्यांत कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून ठिकाण गाडीकडे पाठवता येते. तसे नसेल तर अक्षांश-रेखांश आकड्यांत भरावे लागतात. फोनवर ते दशांशात दिसतात, तर गाडी कधीकधी अंश, मिनिटे आणि सेकंद मागते. २०.५ अंश म्हणजे २० अंश ३० मिनिटे. घाईत कोणी ते २० अंश ५० मिनिटे असे भरले, तर अक्षांशातली ती २० मिनिटांची चूक जमिनीवर सुमारे ३७ किलोमीटरची होते, आणि पडद्यावर ती चूक आहे असे सांगणारे काहीही दिसत नाही. रात्री, दमलेल्या अवस्थेत, अनोळखी ठिकाणी हे काम करावे लागू नये, असे मला कळकळीने वाटते. तुमच्यासारखे काम करणाऱ्यांना फोन अधिक सोयीचा पडतो तो याच कारणाने.

फोनच्या उणिवा मी झाकत नाही. गाडीच्या पडद्याला न जोडता तो तसाच वापरला, तर त्याचे धोके खरे आहेत. काचेजवळच्या होल्डरमध्ये, भर उन्हात, चार्जिंग चालू ठेवून, पडदा पूर्ण उजळवून फोन तासभर नकाशा दाखवत राहिला की तो तापतो. अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी वापराची मर्यादा भोवतालच्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंत सांगितलेली आहे, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती सहज ओलांडली जाते. फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी काही काळ कामच थांबवतो. फोन मांडीवर किंवा शेजारच्या सीटवर ठेवून वापरणे याहून वाईट, कारण तेव्हा मान खाली जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे गेलेली असते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या उपकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका वेळी नजर दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हटू नये, असे म्हटले आहे. म्हणून मोठा, नजरेच्या उंचीजवळचा पडदा ही चैनीची वस्तू नाही. पैसे मोजायचेच असतील तर ते चांगल्या पडद्यासाठी आणि खात्रीने जोडल्या जाणाऱ्या फोन जोडणीसाठी मोजा, असे माझे स्पष्ट मत आहे. वरच्या मॉडेलमध्ये चालकाच्या नजरेसमोर काचेवर सूचना दाखवणारी सोय असेल आणि ती फक्त अंगभूत नेव्हिगेशनच्याच सूचना दाखवत असेल, तर तो मुद्दा त्या मॉडेलच्या बाजूने जरूर धरा.

सासऱ्यांविषयी तुम्ही लिहिले आहे की त्यांना फोन जमणार नाही. हे त्यांनी सांगितले आहे की तुम्ही गृहीत धरले आहे, हे पत्रावरून कळत नाही. ज्येष्ठांना गाडीतले यंत्र सोपे जाईल असे आपण सहज मानतो, पण अनेक गाड्यांत पत्ता भरण्यासाठी एकामागून एक पडदे ओलांडावे लागतात. त्यांना शोरूममध्ये सोबत न्या, चालकाच्या जागेवर बसवा आणि कोणीही मध्ये न बोलता त्यांच्या ओळखीच्या एका ठिकाणाचा पत्ता त्यांना स्वतः भरू द्या. नंतर तेच काम फोन जोडून, बोलून सांगायच्या सोयीने करू द्या. कुठे त्यांचे बोट थबकते ते पाहिले की उत्तर मिळेल. एक मात्र खरे: गाडीतल्या यंत्राला फोन जोडणे, पासवर्ड, परवानगी विचारणाऱ्या चौकटी यांतले काही लागत नाही, गाडी सुरू केली की ते हजर असते. सासरे फोन न वापरताच बरेचदा एकटे लांब जाणार असतील, तर ही सोय मोलाची आहे. ते चार ओळखीच्या ठिकाणीच जाणार असतील, तर ती ठिकाणे आधी जतन करून ठेवली की पुरेल.

तुमची गाडी विजेवर चालणारी असेल, तर मात्र मी माझे मत बदलीन. बॅटरीत किती ऊर्जा उरली आहे, चढावर ती किती जाईल, मध्ये कुठे चार्जिंगला थांबावे हे गाडीच्याच यंत्रणेला नीट कळते, आणि काही गाड्या जलद चार्जिंगच्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वी बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवतात, तेही अंगभूत नेव्हिगेशनमध्ये ते ठिकाण निवडलेले असेल तरच. तिथे अंगभूत नेव्हिगेशन गाडीचाच एक अवयव असतो.

आणखी एक बाब पाहून घ्या. वरच्या मॉडेलची जास्तीची रक्कम सहसा एकट्या नेव्हिगेशनची नसते. त्यात जादा एअरबॅग, मागचा कॅमेरा, चांगले दिवे असे काही असू शकते. रात्री डोंगरातून जाणाऱ्या व्यक्तीला चांगल्या दिव्यांचा उपयोग कोणत्याही नकाशाइतकाच आहे. यादी मागवा, नेव्हिगेशन तिच्यातून मनाने वगळा आणि उरलेल्या गोष्टी त्या रकमेच्या योग्यतेच्या आहेत का ते पतींबरोबर बसून ठरवा. कदाचित तुमचा वाद तिथेच मिटेल.

तुमच्या पत्रातल्या माहितीवरून, गाडी इंधनावर चालणारी आहे असे धरून, माझा सल्ला खालच्या मॉडेलकडे झुकतो, पण फोन आजवर वापरला तसा न वापरता. घरच्या वाय-फायवर, जिथे काम असेल त्या संपूर्ण भागाचा नकाशा उतरवा. नुसत्या ठरलेल्या रस्त्यापुरती चौकट धरू नका, आजूबाजूचे तालुके त्यात येऊ द्या, कारण वळण चुकल्यावर तुम्ही त्या चौकटीच्या बाहेरही जाऊ शकता. गूगल मॅप्समध्ये उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, म्हणून तो आपोआप ताजा होण्याची सोय चालू ठेवा. रेंज नसताना त्यात वाहतूक आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत, हे लक्षात असू द्या. त्याच्या जोडीला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेले ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यांपैकी एक अ‍ॅप ठेवा. त्यांची रचनाच नकाशा आधी उतरवून वापरण्यासाठी आहे. मेसेजमधून आलेले लोकेशन घरूनच जतन करा, कारण रेंज नसताना नावाने शोध घेणे बेभरवशाचे असते. नेव्हिगेशन रेंज असतानाच सुरू करा. उपग्रहांची ताजी माहिती फोनला इंटरनेटवरून चटकन मिळते, तर ती थेट उपग्रहाकडून ऐकायला मोकळ्या आकाशाखालीही अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ जाऊ शकतो. केबल चांगली घ्या आणि एक जादा गाडीत ठेवा. निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग एकदा दूरवरून पाहा, कारण फोन असो वा गाडी, दोघेही काही मिनिटे वाचवण्यासाठी अरुंद, निर्मनुष्य रस्त्यावर घालू शकतात. अंधारात लांबचा पण मोठा रस्ता तुम्ही स्वतः निवडा.

आणि गाडीचे पैसे भरण्यापूर्वी एक चाचणी घ्या. दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, पतींना शेजारी बसवून, फोनवर नकाशा उतरवलेला असताना मोबाइल डेटा पूर्ण बंद करा, एक ठिकाण निवडून निघा आणि जाणूनबुजून एक वळण चुका. फोनने थोड्याच वेळात नवा रस्ता दाखवला, तर खालचे मॉडेल घ्यायला माझी काहीच हरकत नाही. नाही दाखवला, तर नकाशाचा कोणता भाग उतरवायचा राहिला आहे ते तपासा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळीही तुमच्या मनाची खात्री पटली नाही, तर वरचे मॉडेल घ्या, आणि नकाशा ताजा करण्याची पद्धत, मोफत मुदत व नंतरची वर्गणी शोरूमकडून लेखी घ्या.